जर्मनी, जपान आणि आमच्या लेंड्या

"मेंढरं माझ्याच वावरात बसतील! मी जर्मनीला शब्द देऊन बसलोय!" एक बागायतदार भर उन्हात ओरडत होता.

"आन् मी जपानला काय तोंड दाखवू?" बांधापलीकडून त्याचाच चुलतभाऊ.

मधे त्या मेंढरांचे धनी, आमचे आबा, खांद्यावर घोंगडी, गालात तंबाखू. कुरुंद्याच्या शिवारातली ती बोंबाबोंब ऐकून हिंगोली ठेसनात उभी असलेली गाडी वेळेआधी सुटली, असं मी आजही शपथेवर सांगतो.

त्याआधीच्या उन्हाळ्यात हीच मेंढरं कुणाला नको होती. रासायनिक खताची पोती आली होती. कळप वावरात बसवून लेंडीमुताचं खत घेणं म्हणजे मागासपणा. एका म्हातारीनं तेवढं दीड एकरासाठी बोलावलं आणि भाकरी-ठेचा खाऊ घातला. शेवटी आबांनी ठरवलं, कळप बाळापूरच्या बाजारात विकायचा आणि पुण्यात वॉचमन व्हायचं. शिट्टीसुद्धा घेऊन ठेवली होती.

तेवढ्यात दोन महासत्तांना रासायनिक औषध-खताविना, नुसत्या लेंडीखतावर पिकलेली हळद हवीशी झाली. दोघींनाही आमच्याच शिवारातली. जपानी साहेबानं एक लेंडी उचलून हुंगली आणि रुमालात बांधली. ते पाहून जर्मन साहेबानं दोन मुठी खिशात कोंबल्या. तेलावरून लढाया झालेल्या जगानं ऐकल्यात. लेंडीवरून पहिली आमच्याकडं झाली.

दुभाष्या मी. बारावीला इंग्रजीत दोनदा आपटलो होतो, म्हणजे गावात सगळ्यात जास्त इंग्रजी मीच शिकलेलो.

दोन्ही साहेबांचं मागणं एकच. तीन वर्षं कळप फक्त आम्ही करार केलेल्या शेतकऱ्याकडं, दुसऱ्याच्या वावरात खूर पडायला नको. चारापाणी, औषधं आम्ही देऊ. कानात मारायला जर्मनानं पिवळे बिल्ले आणलेले, जपान्यानं निळे.

"आबा, कुणाच्या तरी कागदावर अंगठा द्या की. कळप वाचून राहिला."

"आन् बाकीची वावरं?"

"ती काय परदेशात हळद धाडून राहिली का?"

"गाढवा, सांग त्यांना. मेंढरं पाळीनं समद्यांकडं बसतील. पटंल त्यानं थांबावं."

मी भाषांतर केलं : आमचा एडका तापट आहे, एकाच वावरात ठेवला तर उपोषणाला बसतो. दोघांनीही ते गंभीरपणे वहीत उतरवून घेतलं. एक उठला असता तर दुसऱ्याला रान मोकळं झालं असतं, म्हणून उठलं कुणीच नाही. संध्याकाळपर्यंत मेंढरांच्या एका कानात पिवळा आणि दुसऱ्यात निळा बिल्ला. पुण्याची शिट्टी आबांनी कळप हाकायला काढली.

मग दोघे चुलतभाऊ एका सुरात ओरडले, "पण आबा, आदी कुणाच्या वावरात?"

आबांनी तंबाखू थुंकली.

"म्हातारीच्या. मागल्या साली तिनं बोलावलं व्हतं."