भाड्याच्या खोलीची शेवटची अट

रविवार, होळीच्या आधीचा. साल १९७४. ठिकाण रिसोड, बाजारामागची गल्ली. हजर: माय, बाबा, मी आणि घरमालकीणबाई. माय ओट्यावर बसून होती, कारण उभी राहिली की तिच्या पोटात कळ यायची.

घर पाहायला कोण कोण गेलं होतं याची नोंद मी नेहमी करते. पुढे अटींवरून बोलाचाली झाली तर कोणी काय ऐकलं ते ठाऊक असावं लागतं. त्या दिवशीची अट आम्ही तिघांनी ऐकली. सगळ्यांत नीट मायने ऐकली.

मी तेव्हा रिसोडला प्राथमिक शाळेत शिकवत होते. मायच्या पोटात गाठ निघाली होती. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्याने, घरी न्या, खाईल ते द्या, असं सांगून परत पाठवलं. आमचं गाव वाशिमकडच्या मालेगावच्या पलीकडे. तिथे कळ थांबवायचं इंजेक्शन द्यायला कोणी नव्हतं. रिसोडला डॉक्टर होते आणि मी होते. मला लांबलचक रजा मिळण्यासारखी नव्हती, म्हणून तिलाच इकडे आणायचं ठरलं. मी एका शिक्षिकेबरोबर राहत होते, तिथे तिसरी बाज मावत नव्हती.

आजाऱ्यासाठी घर शोधताना आपल्या पायांनी अंतर मोजू नये. आपल्याला दवाखाना जवळ वाटतो, आजाऱ्याला वाटेत बसायला दोन ओटे लागतात. ते आहेत का पाहावं. पत्र्याची खोली सकाळी पाहू नये, दुपारी पाहावी. भिंत खालच्या बाजूला हाताने चाचपावी. लोणा धरून खारा पापुद्रा सुटत असेल तर चुना कितीही नवा असो, पावसाळ्यात ती रडणारच. शेजारच्या चुलीचा धूर कुठे जातो तेही पाहावं. आणि पाणी कोण, कुठून, केव्हा भरू देतं हे घरमालकाला विचारण्याआधी शेजारणीला विचारावं.

पाण्याचं आम्हाला जास्तच विचारावं लागे. छप्पन साली माय पांढरं लुगडं नेसून नागपूरला जाऊन आली होती, आणि आमचं आडनाव सांगितलं की घरमालकांना पुढचं सगळं कळायचं. मग खोली कालच गेलेली असायची. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा बाबा म्हणाले, "रिसोडात खोल्या लय चालतात बॉ. आपन पोचाच्या आदल्या दिशीच जातात."

ही चौथी. मालकीणबाई मायच्याच वयाची, विधवा, थोडी शेती बटईने, अर्ध्या वाट्यावर, दिलेली. तिनेही आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिने मायकडे पाहिलं.

"इहीर आंगनात हाय," ती मला म्हणाली. "रहाट जड हाय. तुले ओढता येईन का?"

एवढंच. खोली चांगली होती. खाली शहाबादी फरशी, वर कवेलू, विजेचा एक दिवा, मागे न्हाणी. माय दाराच्या चौकटीला धरून आत आली आणि तिने पहिल्यांदा दिव्याचं बटन दाबून पाहिलं. भर दुपारी.

मग मालकीणबाई म्हणाली, "एक गोठ मी आधीच सांगून ठेवतो. राग मानू नोका. आजारी मानूस चालते, बाळंतपन चालते. पन या घरात मयत नाई झाली पाह्यजे."

तिचा नवरा पंचकात गेला होता. महिन्यातले ते पाच दिवस. त्यांत मयत झाली तर घरातली आणखी माणसं जातात असा समज, आणि जोशी सांगेल तितके महिने घर बंद ठेवावं लागतं. तिने दोन लेकरं घेऊन गोठ्यात पावसाळा काढला होता. घर उघडलं तेव्हा चुलीतून गवत आलेलं.

"आमचं तं पंचक-बिंचक कवाच सुटलं बाई," माय म्हणाली.

"तुमचं सुटलं. घर तं माह्यं हाय ना."

माय हसली. "हाव, हे बी खरं." आणि बाबांकडे वळून म्हणाली, "घेऊन टाका. हे तोंडावर बोलते, मांगून नाई बोलत."

अशी ती खोली आम्ही घेतली. बाबा शेताकडे परतले, दर आठवड्याला एसटीने येत राहिले.

मार्च ते ऑगस्ट. मी शाळेत गेले की त्या दोघी ओसरीवर. आठवड्याभरात 'तुमी' जाऊन 'तू' आलं. मी दारात पाय ठेवायच्या आधी त्यांचे आवाज यायचे.

"काय वं, वरनात डाय मोजून टाकतं का?"

"तुह्यासारखी फुकटची खानारी बसली ओसरीवर, तं मोजा लागनच!"

"मंग हाकल ना मले."

"हाकलीन. आंधी गवार निवडून दे."

माय गवार निवडायची. पुढे गवार निवडणंही होईना, तेव्हा मालकीणबाई ती तिच्या समोर बसून निवडायची आणि कशी चुकीची निवडते म्हणून शिव्या खायची. इंजेक्शन आधी एक दिवसाआड होतं, मग रोज. कळ थांबली की माय उताणी पडून दिव्याकडे पाहायची. दिवा घालवू का विचारलं तर म्हणायची, "राहू दे. गावात कंदीलच हाय."

अटीबद्दल कोणी काही बोलत नव्हतं. मी मनात हिशेब मांडत होते: लवकर निघालो तर डॉक्टर सुटतो, उशिरा निघालो तर शब्द मोडतो. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही.

पोळ्याला थोडे दिवस होते. मी शाळेतून आले तर माय भिंतीला टेकून बसलेली. बरेच दिवस ती आपण होऊन उठून बसली नव्हती.

"जोशी आला होता," ती म्हणाली. "पंचांग घेऊन. ते दोघं तिकडं खांबापाशी बसले. बाई बोटं मोजे अन् इकडं पाहे. उद्याचा दिस मोकळा हाय, परवापासून पंचक लागते."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? अर्धी जिंदगी तेच आयकत काढली. तू उद्या जीप पाह्य."

मी म्हटलं, मी मालकीणबाईंशी बोलते. तिने माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, पण सोडलं नाही.

"इचारू नोको. इचारलं तं तिले हो बी म्हनता येत नाई अन् नाई बी म्हनता येत नाई. कायले बिचारीले खाली पाहाले लावतं? आपन शब्द देल्ला होता."

मला काम दिलं की मी ते करते. सकाळपर्यंत जीप ठरली होती. मागच्या बाकावर गादी, उशाशी पाण्याचा तांब्या, डॉक्टरांकडून गोळ्यांची पुडी, बाबांना निरोप. दोन दिवसांची रजा. सगळं वेळेवर झालं.

मालकीणबाई जीपच्या दारापाशी आली. "काऊन अशी घाईघाईनं जाऊन राह्यली वं?"

"पोळा आला ना," माय म्हणाली. "बैलाइले पाहाव वाटते."

आमच्याकडे बैल नव्हते. दुष्काळातच विकले होते. मालकीणबाईला ते माहीत होतं. तिने फडक्यात बांधलेल्या भाकरी बाबांसाठी म्हणून माझ्या मांडीवर ठेवल्या आणि मायच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मालेगावपर्यंत माय एकदा बोलली: "दिवा घालवला का गं?" घालवला होता.

गावात तिला आमच्या खोपटात ठेवलं. रजा संपली तशी मी रिसोडला आले. माय दोन-तीन दिवसांचीच असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण पंचक लागलं आणि संपलं, पोळा झाला, आणि ती होती. कळ थांबवायला फक्त गोळ्या. ते दिवस कसे गेले हे बाबांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. रविवारी जाऊन आले तेव्हा तिने मला ओळखलं. खोली ठेवली ना, एवढं विचारलं. ठेवली, म्हटलं. त्यानंतर मधल्याच एका वारी, मी वर्गात असताना, गावातला माणूस एसटीने निरोप घेऊन आला.

सगळं आटोपून परतले तेव्हा मालकीणबाई ओसरीवर होती. तिने कोणता वार होता ते विचारलं. मग बोटांवर मोजू लागली. शेवटच्या बोटाशी थांबली.

"काईच नोतं त्या दिशी," ती म्हणाली. "साधा दिस होता."

मी चपला काढत होते.

"बाई, जोशाले मीच बलावलं होतं. पंचक कवा सुटते ते पाहाले. म्हटलं, हे पाच दिस निंगाले का तिले सांगतो, आता राह्य निवांत, कुठी जाऊ नोको. मंग कवाबी झालं तं माह्यी काई हरकत नाई." तिने पदर तोंडाला लावला. "मी जा म्हटलं नोतं वं तिले. इचारा लागत होतं ना तुमी."

मी तिला, माय काय म्हणाली होती ते सांगितलं नाही. आत जाऊन दिवा लावला.

त्या खोलीत मी आणखी तीन वर्षं राहिले. बदली झाली तेव्हा मालकीणबाईने स्वतः रहाट ओढून मला शेवटची घागर भरून दिली.

आता वाशिमला माझं स्वतःचं घर आहे. मागची खोली भाड्याने देते. लोक घर बघायला निघण्याआधी मला विचारून जातात. मी त्यांना भिंत चाचपायला सांगते, पत्रा दुपारी पाहायला सांगते, शेजारणीला पाण्याचं विचारायला सांगते. अटी सगळ्या समोर बसून, स्पष्ट विचारून घ्या, म्हणते. तेवढं बोलणं जमतं.

गेल्या महिन्यात मागच्या खोलीत एक तरुण जोडपं आलं. बरोबर मुलाचे वडील. त्यांना दमा आहे, ओठ निळसर दिसतात, चार पावलं टाकली की बसावं लागतं. मुलाने खोली पाहिली, खिडकी उघडून वारा येतो का ते पाहिलं. मग विचारलं, "काकू, तुमच्या काही अटी?"

मी पाण्याच्या मोटारीची वेळ सांगितली, फाटकाचं कुलूप सांगितलं, कपडे वाळवायची तार दाखवली.

"आणखी काही?" त्याने वडिलांकडे पाहत विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

पण वडील याच खोलीत गेले तरी माझी हरकत नाही, हे 'अट नाही' एवढं म्हटल्याने सांगून होत नाही. ते मला त्याला मोकळेपणाने सांगायचं आहे. रोज सकाळी तो पाणी भरायला येतो, आणि मी विषय काढायचा म्हणून तिथे थांबते. म्हाताऱ्या बापाच्या मुलाला ते कोणत्या शब्दांत सांगावं ते अजून ठरलेलं नाही. आजही त्याला नळ घट्ट बंद करायला सांगितलं आणि आत आले. ते सांगायचं राहिलंय.