घर विचारलंस?

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, दिसतं तेवढंच खरं मानणारा माणूस. तरी लिहितोय, कारण आभार कुणाचे मानायचे तेच कळत नाहीये...

हे काम मला जवळच्या घिवली गावच्या तामोरे काकांनी शिकवलं. रिटायर झाल्यावर त्यांच्या छातीचं दुखणं बळावलं. त्यांना पालघरच्या दवाखान्यात ठेवलं; तिथल्या डॉक्टरांना त्यांच्या कारखान्यातल्या आरोग्य-तपासणीचे जुने रिपोर्ट हवे होते. ते आमच्या जुन्या डिस्कवर होते, आणि फक्त तिथेच — बॅकअप कधीचा बंद पडलेला.

कारखाना देखभालीसाठी बंद होता त्या शटडाऊनच्या दिवशी भर दुपारी ती डिस्क नव्या सर्व्हरला जोडली. तर दोन्ही डिस्कवरच्या व्हॉल्यूम ग्रुपचं, म्हणजे सगळा डेटा ज्यात असतो त्या कप्प्याचं, नाव एकच! नव्या डिस्कवर नुसता चाचणीचा कचरा होता. तिच्या ग्रुपला 'रिकामा' नाव द्यायचं आणि मग तो पुसायचा, असा बेत. नावं सारखी असली की ग्रुपचा लांबलचक नंबर द्यावा लागतो. यादीतला पहिला उचलला, कमांडमध्ये चिकटवला, पुसायची कमांडही त्याच ओळीत जोडली. मोठा शहाणा ना मी!

बोट एंटरवर... आणि भिंतीवरचा इंटरकॉम वाजला.

"घर विचारलंस?"

काकांचा आवाज. एवढंच, आणि फोन बंद.

काका नेहमी सांगायचे, "आमच्या घिवलीत चार रमेश हायत. नुसती हाक मारलीस तर चौघं वळतील. आदी घर विचार." म्हणजे नंबर कुठल्या डिस्कवरचा ते आधी बघ. बघितलं. तो जुन्या डिस्कचा होता! नंबर बदलून काम उरकलं, रिपोर्ट काढले आणि संध्याकाळी थेट पालघरचा दवाखाना गाठला.

"काका, बरं झालं ऑपरेटरला सांगून फोन केलात."

"मी? मी नाय बा केला."

काकू म्हणाल्या, "दुपारभर त्यांना ऑक्सिजन लावलेला. मोबाईल माज्याकडंच हाय."

दुसऱ्या दिवशी इंटरकॉम उघडला. मागे झालेल्या रंगकामाच्या वेळी त्याची वायर कापलेली, ती कुणी परत जोडलीच नव्हती.

जुने रिपोर्ट ताडून डॉक्टरांनी औषध बदललं. आता काका रोज सकाळी किनाऱ्यावर फिरतात. सोबत गेलो तर दम मलाच लागतो. परवा त्यांना वायरचं सांगितलं, तर हसले. "कोणी का केला असंना, तू ऐकलास ना? मंग झालं."

साहेब विचारतात, बंद इंटरकॉम भिंतीवर कशाला ठेवलाय? मी म्हणतो, राहू द्या साहेब, त्याचे उपकार आहेत माझ्यावर.