एल्फांची पंगत आणि आमचे नाना

आमच्या घरी एल्फ लोकांच्या रीतीने जेवायला सुरुवात झाली आणि लग्नानंतर प्रथमच मला घास शांतपणे चावता आला.

एल्फ म्हणजे आमच्या सईच्या कादंबरीतले लांब कानांचे, जंगलात राहणारे, हजार-हजार वर्षं जगणारे लोक. कॉलेजच्या सुट्टीत तिने त्यांच्या जेवणाच्या रीती ठरवल्या होत्या आणि त्या जमतात का हे बघायला तिला माणसं हवी होती. (माणसं म्हणजे मी आणि तिची आई.) पहिला घास यजमानाने घ्यायचा. जेवताना अवाक्षर काढायचं नाही. पदार्थ एकदाच विचारायचा, कारण दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे पाहुण्याला खोटारडा म्हणणं. आणि पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला की तो तृप्त झाला, ताट लगेच उचलायचं.

बायको वैतागली. मी मात्र खूश! दिवसभर धुळ्याच्या कचेरीत लोकांचं ऐकून कान किटतात. घरी आल्यावर 'भाजी कशी झालीय?' याला उत्तर द्यायचंही त्राण नसतं. मी इतका सरावलो की सकाळचा चहासुद्धा एल्फासारखा पिऊ लागलो.

अशात चोपड्याहून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला. "अरुण, नाना एकदाना तयार व्हई ग्यात रे. रविवारले येतस आम्ही."

नाना म्हणजे अक्काचे यजमान. आमच्या वास्तुशांतीच्या गर्दीत त्यांना कोणी आग्रह केला नाही, म्हणून ते अर्ध्या पोटी उठले आणि त्यानंतर आमची पायरी चढले नव्हते. अक्कालाही येऊ दिलं नव्हतं. भाऊबीजेला ती मला फोनवरून ओवाळायची. मोबाइलसमोर पाटावर बसताना मला फार वाईट वाटायचं.

रविवारी बायकोने सकाळीच खापर तापवून मांडे केले. आमरस, भरीत, सगळा जावयाचा थाट. "आज आग्रहात कमी पडू नका," तिने बजावलं.

"ते काय सांगायला हवं?" मी म्हणालो.

पानं वाढली. नानांनी हात लावायच्या आधीच मी पहिला घास घेतला. नानांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय अरुण, काय म्हनस धुळं?"

मी डोळे मिटून मंद हसलो. (एल्फांत हे उत्तर असतं.)

"याना तोंडले काय व्हयनं?" नानांनी अक्काला विचारलं.

बायको मांडे घेऊन आली. "नाना, मांडा?"

"नको, नको."

जावयाचं पहिलं 'नको' म्हणजे नुसतं घसा साफ करणं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी बायकोचा हात धरून मांडा मागे फिरवला. नानांना वाटलं असावं, आग्रह जरा उशिरा सुरू होतोय. त्याला वाट करून द्यायला त्यांनी ताटावर हात आडवा धरला. आता यजमानाने तो हात बाजूला करायचा, बोटांवरून तूप ओतायचं, पाहुण्याने ओरडायचं आणि आणखी दोन मांडे खायचे, ही आमची रीत. मी उठलो, अदबीने वाकलो आणि त्यांचं ताट उचलून नेलं.

मोरीपाशी गेल्यावर ताटातलं अख्खं भरीत दिसलं आणि सवयीने आपण काय करून बसलो ते कळलं. आता अक्का पुन्हा या घरात दिसत नाही, एवढंच मनात येत होतं. बाहेर नानांचा हात अजून तसाच अधांतरी होता.

सई मध्ये पडली. "नाना, बाबांची चूक नाही. एल्फांची रीत आहे ही. पाहुणा नको म्हणाला की त्याचा शब्द खरा मानायचा."

"म्हंजे कोनी बळजबरी करस नही?"

"नाही."

"पित्त व्हयनं तरी कोंबतस नही?"

"मुळीच नाही."

नानांनी अधांतरी हात खाली घेतला. मग थकल्या आवाजात म्हणाले, "लगीन व्हयनं तवपासून जठे जास तठे माले कोंबतस. मंग रातभर सोडा पेस मी."

अक्का बघतच राहिली. "मंग वास्तुशांतले काबर रुसनात?"

"रुसनं पडस. नहीतर लोक म्हनतीन, जावाईले किंमत नही." मग माझ्याकडे वळून, "ते ताट आन आते. भूक लागेल शे."

ते हवं तेवढंच जेवले, कोणाशी न बोलता, आणि सुखाने उठले. त्या भाऊबीजेला अक्का स्वतः आली. ओवाळताना तिचे डोळे भरले, माझेही भरले.

पुढे आम्ही चोपड्याला गेलो. अक्काच्या हातची शेवभाजी मिळणार म्हणून मी सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं. पहिली वाटी संपली, अक्का पातेलं घेऊन आली आणि मी आपला संस्कारांनी म्हणालो, "नको गं, अक्का."

नानांनी डोळे मिटले, मंद हसले आणि माझं ताट उचललं.

एसटीत उपाशीपोटी बसून मी सईला सांगितलं, "तुझ्या कादंबरीत एक नियम वाढव. पाहुणा नको म्हणाला तरी निदान एकदा परत विचारावं."

सई म्हणाली, "गरज नाही, बाबा. एल्फ जेवताना इतकं खोटं बोलत नाहीत."