उपाशी सासुरवाडी आणि मासे दाखवणारं यंत्र

पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र विकत घेणारा आमच्या घराण्यातला मी पहिला आणि शेवटचा माणूस आहे.

मोबाइलला अजून बटणं होती, तेव्हाची गोष्ट. घोटीचे माझे सासरे भातशेती सांभाळून धरणाच्या फुगवट्यात मासे धरायचे. होडी एवढीशी, की दोघं बसले तर तिसऱ्याने काठावरून हात हलवायचा. मस्कतला असलेला माझा मावसभाऊ गणपतीत घरी यायचा होता. "काय आणू?" त्याने फोनवर विचारलं. माणूस अशा वेळी अत्तर सांगतो, खजूर सांगतो. मी फिश फाइंडर सांगितला. (आठ वर्षांत सासुरवाडीला माझी ख्याती 'जावई अभ्यासू आहेत' एवढीच होती. म्हणजे कामाचे नाहीत.)

त्याने निवड करायला माहितीपत्रकं पाठवली आणि नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत तीन आठवडे दुसरा विषय उरला नाही. पहिल्या यंत्राला रंगीत पडदा होता, पण सोबत स्कूटरला असते तेवढी बॅटरी.

"ती ठेवल्यावर नाना कुठे बसणार?" माझ्या बायकोने, सुनंदाने, विचारलं. नाना म्हणजे तिचे वडील.

दुसऱ्याचा सेन्सर होडीच्या तळाला भोक पाडून बसवायचा होता.

"होडीला भोक पाडायचंय, हे नानांना तुम्ही सांगा. मी फोन लावून देते."

तिसरं म्हणजे दोरीला बांधून पाण्यात फेकायचा गोळा. "हा माशानेच गिळला तर?" याला माहितीपत्रकात उत्तर नव्हतं! शेवटी कायाकसाठी, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या चिंचोळ्या होडीसाठी बनवलेलं छोटं यंत्र ठरलं. चार पेन्सिल सेल, हातभर दांडी, दांडीच्या टोकाला सुपारीएवढा सेन्सर. दांडी होडीच्या कडेला लावायची, सेन्सर पाण्यात बुडवायचा आणि पडदा बघत बसायचं. बघत बसणं मला जमण्यासारखं होतं.

ते घेऊन आम्ही दसऱ्याला घोटीला गेलो. सासऱ्यांकडे घट बसतात. नऊ दिवस सगळं घर उपास करतं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मटणावर तुटून पडतं. त्याची ऑर्डर आधीच द्यावी लागते. सासूबाई तो निरोप धाडत होत्या, तेवढ्यात माझी जीभ वळवळली.

"मामी, मटण कशाला? उद्या वीस माणसांना मासे मी खाऊ घालतो."

मामी थबकल्या. "नक्की ना?"

"यंत्र आहे."

मटण रद्द झालं. सिन्नरला कारखान्यात असलेले माझे थोरले साडू नुसते हसले. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

मग पूजा. नांगर, कोयते, साडूंची मोटारसायकल या ओळीत माझं यंत्रही मांडलं. झेंडूचा हार यंत्राला घातला तर पडदा झाकला जात होता. म्हणून मीच म्हणालो, "सेन्सरला बांधा. खरं काम तोच करतो." सुनंदाने हाराचे वेढे देऊन पक्की गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला होडीत बसल्यावर मी हार काढायला गेलो, तर सासरे म्हणाले, "पूजेचा हार काढत्यात व्हय? ट्रॅक्टरचा काढतो का आपण? ऱ्हाऊ द्या." राहू दिला. दांडी पाण्यात सोडली आणि यंत्र लगेच टिकटिकलं.

"मामा, मासा! मोठा आहे. होडीच्या खालीच, फुटावर."

मामांनी जाळं टाकलं. शेवाळ आलं. "सरकला वाटतं," मी म्हणालो. होडी पुढे नेली. मासा फुटावर. खोल पाण्यात नेली. फुटावर. काठाशी गुडघाभर पाण्यात नेली, तिथेही फुटावर!

"जावईबापू, ह्यो आपल्यासंगं हिंडतोय का काय?"

"मोठी झुंड असणार, मामा. सगळीकडे पसरलीय."

"मी म्हनतो, तिकडं बाभळीखाली बघू. रोज तिथंच लागत्यात."

"पण यंत्र इथे दाखवतंय."

जन्मभर त्या पाण्यावर काढलेला माणूस माझ्या चार पेन्सिल सेलांपुढे गप्प बसला. अकरा वेळा जाळं टाकलं. उन्हं डोक्यावर आली, मामांचे हात भरून आले आणि मला रडायचंच काय ते बाकी राहिलं. अखेर मामांनी चिडून दांडी वर ओढली. सेन्सरच्या तोंडाशी झेंडूचे भिजून टम्म फुगलेले गोंडे चिकटून बसले होते. सकाळपासून आम्ही जाळं टाकत होतो ते त्यांच्यासाठी.

मामांनी एक गोंडा सोडवून तळहातावर घेतला. "मशीन खोटं नाय बोललं," ते म्हणाले. "फुलं हायेत की."

दोनला घरी आलो. वीस माणसं पानं मांडून बसलेली. गावातलं मटण दहालाच संपलेलं. मामींनी रिकाम्या टोपलीत डोकावलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पिठल्याला फोडणी घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साडूभाऊ," सिन्नरचे साडू भाकरी मोडत म्हणाले, "दहावा उपास कुणाच्या नावाने धरायचा तेवढं सांगा."

तेव्हापासून दर वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घोटीत मटणाच्या रांगेत पहाटे पाचला पहिला उभा असतो तो मी. हे काम जावई यंत्राशिवाय करतात, असं मामी आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात.