घरात येणारा डिझेलचा वास

मी इथे सहसा फक्त वाचते. आज मात्र तुम्हाला काही विचारायचे आहे.

बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांची जुनी पिकअप आता दादा चालवतो आणि संध्याकाळी बदलापूरच्या आमच्या घराच्या खिडकीखाली लावतो. बाबा गेल्यानंतर दिवेलागणीला घरात डिझेलचा वास येऊ लागला. त्यांच्या शर्टांना यायचा, अगदी तसाच. आई हातातले काम थांबवून म्हणायची, "आले बघ हे." विज्ञानात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मलाही ते खोटे वाटत नसे.

आज सकाळी दादाला गाडीखाली डिझेल ठिबकताना दिसले. आई घाबरेल म्हणून तिला न सांगताच आम्ही उल्हासनगरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या सिंधी काकांनी टाकीपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी काढली. ती त्यांच्या बोटांतच तुटली.

"बेटी, ये पाइप तो साल भर से लीक मार रहा होगा. घर में बास नहीं आती थी क्या?"

मी तो तुटका तुकडा नाकाशी नेला. दादा हळूच म्हणाला, "अंकल, नया डाल दो."

संध्याकाळी गाडी नेहमीच्या जागी लागली. आई बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. मग मला म्हणाली, "आज यांना उशीर झाला वाटतं. दाराला कडी लावू नकोस."

दादा काही बोलणार, तोच मी त्याचा हात दाबला. दार अजून नुसते लोटलेले आहे. तुम्ही तिला खरे सांगितले असते का?