लहानूजींचा आज्ञाधारक नोकर

सिव्हिल लाइन्समधल्या एका केंद्र सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर लहानूजी मेश्राम पंचेचाळीस वर्षं टाइपरायटर मांडून बसले आहेत. तेवढ्या काळात आत सतरा साहेब येऊन गेले, पण लहानूजींची इंग्रजी जागची हलली नाही. अर्ज मेलेल्या नवऱ्याच्या पेन्शनचा असो की हरवलेल्या दाखल्याचा, सुरुवात एकच: ‘आय मोस्ट हंबली बेग टू स्टेट.’ म्हणजे, अत्यंत लीनपणे पदर पसरून कळवतो की. शेवटही एकच: ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट.’ आपला परम आज्ञाधारक नोकर. मधल्या जागेत गिऱ्हाइकाचं दुखणं बसेल तेवढं बसवायचं. आणि खाडाखोड झालीच, तर बाजूला सही घ्यायची; सहीशिवाय खाडाखोड म्हणजे लबाडी, असं ते प्रत्येकाला बजावत.

ही इंग्रजी वडिलार्जित. वडील दशरथ गोऱ्या साहेबाकडे शिपाई होते. फेकून दिलेल्या कार्बनच्या नकला घरी आणून त्यांनी एक वही शिवली, नकलांमधले मायने तिच्यात आपल्या हाताने उतरवून काढले आणि पुढे पोराकडून घोकून घेतले. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर या माणसाने कोणापुढे मान वाकवली नाही. वाकली ती फक्त इंग्रजीत. तिथे ते मरेपर्यंत आज्ञाधारक नोकरच राहिले. घरात कोणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण इंग्रजी अशीच असते, असा सगळ्यांचा समज होता.

तो समज पहिल्यांदा हलवला नातीने. मेघा मिहानमधल्या एका आयटी कंपनीत लागली, तेव्हा तिने परदेशातल्या साहेबाला पाठवलेला मेल लहानूजींनी चष्मा लावून वाचला. ‘हाय स्टीव्ह, प्लीज चेक. थँक्स.’ संपलं.

‘‘काहून वं, साहेबाले नावानं हाक मारून राहिली तू?’’

‘‘आबाजी, तिकडं आता असंच लिहितात. तुमच्यासारखं लिहिलं तर त्याले वाटंल, मी थट्टा करून राहिली.’’

लहानूजींनी तो मेल पुन्हा एकदा वाचला. साहेबाची भाषा त्याच्या स्वतःच्या घरी बनियनवर फिरत होती, आणि तिचा कोट-टोपी इथे फाटकाबाहेर लहानूजी रोज झटकून ठेवत होते.

यंदा कचेरीला गाड्यांसाठी शेड बांधायची हुक्की आली. बाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्यांच्या अकरा टेबलांपैकी तीनच राहणार होती. ज्याला जागा हवी त्याने इंग्रजीत, स्वतःच्या शब्दांत अर्ज करावा. मशीनकडून लिहून घेतलेले अर्ज रद्द, अशी नोटीस लागली. बाकीच्यांनी मोबाइलकडून अर्ज लिहून घेतले. लहानूजी मनातल्या मनात हसले. त्यांनी आयुष्यातला सगळ्यात झोकदार अर्ज टाइप केला आणि बिनघोर राहिले.

शेवटच्या दिवशी आतून बोलावणं आलं. अर्ज तपासणाऱ्या अश्लेषा मॅडम, वय तीस, स्क्रीनकडे पाहत म्हणाल्या, ‘‘काका, तुमचा अर्ज रद्द झालाय. कॉम्प्युटर म्हणतो, मशीनने लिहिलाय. इतकं गुळगुळीत माणूस लिहीत नाही.’’

‘‘मॅडम, या मशीनचा जन्म नव्हता तवापासून मी हेच लिहून राहिलो.’’

लहानूजींनी पिशवीतून वडिलांची वही काढली. मॅडमनी ती चाळली. वाक्यं हुबेहूब तीच. जगातले सगळे जुने अर्ज पोटात घालून मशीन शहाणं झालं होतं, आणि वर लहानूजींनाच चोर ठरवत होतं.

‘‘मला पटतंय हो, पण कॉम्प्युटरला पटत नाही,’’ मॅडम वरमून म्हणाल्या. ‘‘इथेच बसा. मराठीत लिहा, तुमच्या शब्दांत. इंग्रजी मी करून घेते.’’

लहानूजींचा पेन दहा मिनिटं हलेना. हजारो लोकांची गाऱ्हाणी लिहिली होती, स्वतःचं एकही नाही. त्यांना चक्क भीती वाटली. मग एका दमात लिहिलं: ‘मी लहानू दशरथ मेश्राम. पंचेचाळीस वर्षांपासून इथं बसून राहिलो. लोकायचे कामं केले. मले उठवू नका.’

मॅडमनी मोबाइलने कागदाचा फोटो काढला. मिनिटभरात इंग्रजी छापून आली. ‘आय मोस्ट हंबली बेग टू स्टेट’पासून ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’पर्यंत.

‘‘पण हे तर मशीननंच लिहिलं,’’ लहानूजी म्हणाले.

‘‘हा कचेरीचा अनुवाद आहे. हा चालतो. सही करा.’’

लहानूजींनी अर्ज दोनदा वाचला. आपण कुठेच पदर पसरला नव्हता. नोकर तर कोणाचेच नव्हतो. त्यांना राग आला, आणि तो राग पंचेचाळीस वर्षं उशिरा आला याची लाज वाटली. त्यांनी पेन उचलून पहिली ओळ खोडली, मग शेवटची.

‘‘काका, खाडाखोड चालत नाही.’’

‘‘चालते, मॅडम. बाजूले सही केली का चालते.’’ त्यांनी दोन्हीकडे ठसठशीत सही केली.

तीन आठवड्यांनी दिल्लीच्या मुख्य कचेरीतून उत्तर आलं: ‘परमिशन ग्रँटेड.’ ना नमस्कार, ना चमत्कार. लहानूजींनी ते टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि वडिलांची वही उघडली. पानापानावरचा नोकर त्यांनी पट्टी धरून खोडला. बाजूला सही मात्र लिहिणाऱ्याची, म्हणजे वडिलांची लागते. ते थोडे थबकले, मग कचेरीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक ठिकाणी लिहीत गेले: दशरथ मेश्राम यांच्याकरिता, लहानू.