आंब्याला बांधलेली दोरी

घर सोडलं त्या सकाळी मी रडले नाही, कारण रडायची वेळ येण्याआधीच आमचा आंबा मोडला. मला दौंड स्टेशनला सोडायला चुलतभावाचा टेम्पो आला होता. अंगणात मागे घेताना तो तीन वर्षांच्या केशर आंब्यावर धडकला आणि झाड बेचक्यातून चिरलं. एक फांदी नुसत्या सालीवर लोंबत राहिली.

अप्पा, म्हणजे माझे वडील, धावत झाडाशी आले. दोन्ही हातांनी फांदी उचलून जागेवर दाबली आणि माझ्यावर खेकसले, "बघत काय उभी ऱ्हायलीस? बांध!" सुतळी सापडेना. मग मी माझ्या बोजाला बांधलेली नायलॉनची दोरी सोडली आणि आईनं फाडून दिलेल्या साडीच्या पट्टीवरून गच्च आवळली. वरून शेणमाती लिंपली. अप्पा म्हणाले, "ही दोरी कुजायची न्हाई. झाड जाड झालं की सालीत रुतंल. तीन-चार म्हयन्यांनी सोडाय लागंल."

"दिवाळीला येते की. मीच सोडते," मी म्हटलं. गाडी गाठायची घाई होती; अशा वेळी माणूस काहीही बोलून जातो.

बंगळूरला पहिले दोन दिवस नखांत ती शेणमाती होती. ती धुवून टाकायचं माझ्या जिवावर आलं होतं. मग दिवाळीत कंपनीच्या सॉफ्टवेअरचा रिलीज आला, संक्रांतीला मॅनेजरनं लीव्ह दिली नाही, उन्हाळ्यात पीजीतून फ्लॅटमध्ये शिफ्टिंग. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना ही यादी पाठ असेल. जे गावी राहिलेत त्यांना ती खोटी वाटते, आणि थोडी असतेही. अप्पा फोनवर सांगायचे, फांदी जगली, फुटवा आलाय. दोरीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

सव्वा वर्षानं घरी गेले. बॅग ओट्यावर टाकून आधी झाडाशी गेले, तर दोरी दिसतच नव्हती. साल तिच्या वर-खाली सुजल्यासारखी फुगली होती. असल्या हलगर्जीपणावरून सगळ्या शिवाराला बोलणारा माझा बाप!

"अप्पा, तुमी का न्हाई सोडली?"

"तू येते म्हनली हुतीस."

एवढंच. चिडून म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

आम्ही ब्लेडनं तुकडा तुकडा करत दोरी काढली. बेचकं अजून कच्चं होतं, पुन्हा बांधणं भाग होतं. मी सुतळी घेतली. अप्पांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "तू फांदी धर. मी बांधतो."

मी धरली. सुतळी त्यांनीच आवळली, गाठही त्यांनीच मारली. मला फार लागलं ते.

परवा त्यांचा फोन आला. "सोडली बरं का सुतळी. फांदी घट्ट हाय आता. तू उगं धावपळ करू नगंस."

सुतळी सोडायला जायचं म्हणून मी तिकीट काढून ठेवलं होतं, ते त्यांना सांगितलं नाही. इथं बंगळूरला कुणी घर कुठं विचारलं की मी दौंडकडच्या कर्जत तालुक्याचं नाव सांगते. पण मनात मी घर म्हणायचे ते त्या अंगणाला, जिथं एक काम माझ्यावाचून अडलं होतं. आता तिथं माझ्यावाचून काही अडत नाही. तिकीट रद्द करायला मात्र हात होत नाही.